अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचे आपणांवरील ऋण

कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील आपल्या गावांत व वाड्यांत सातव्या किंवा आठव्या महिन्यात मूल जन्मास आले, म्हणजे घरातील वडील माणसांच्या तोंडून पुष्कळदा एकच उद्गार निघतो, "हे काही राहावयाचे नाही." मग नाव ठेवण्याची कोणी घाई करीत नाही, शेजारीपाजारी हळू आवाजात बोलू लागतात, आणि बाळंतिणीने फार माया लावून घेऊ नये म्हणून तिलाच चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या जातात. हा उद्गार निर्दयपणाचा असतो असे मुळीच नाही. ज्या घराने अशी एकदोन मुले मातीआड केली आहेत, त्या घराने पुढचा घाव सोसता यावा म्हणून आपल्या काळजावर ओढलेले ते एक पांघरूण असते. तथापि त्या पांघरुणाची ऊब मुलास मिळत नाही. ज्या पहिल्या काही घटकांत त्यास वाचविणे शक्य असते, त्याच घटका या उद्गाराच्या छायेत निघून जातात.

तेव्हा प्रश्न असा आहे, की ज्याच्या जगण्याची आशा थोडी, त्याच्यासाठी मनुष्याने किती श्रम करावे? श्रम करणे हे कर्तव्य आहे, की केवळ मनाची हौस? हा प्रश्न पंडितांच्या वादाचा नसून आपल्या ओसरीवरचा आहे. १७ नोव्हेंबर हा दिवस जगात पुष्कळ ठिकाणी अकाली जन्मलेल्या बालकांचा दिवस म्हणून पाळला जातो. सदतीस आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेले मूल ते अपुऱ्या दिवसांचे, अशी वैद्यकाची व्याख्या आहे. २०२० साली अशी सुमारे १ कोटी ३४ लक्ष बालके जगात जन्मली, आणि त्यांतील सुमारे ३० लक्ष एकट्या आपल्या देशात. म्हणजे हा कोणा एका अभाग्याच्या घरचा प्रसंग नव्हे. तो आपल्या सर्वांच्या दारातला आहे.

या प्रश्नाचा विचार करिताना ज्यांचे जीवितकार्य डोळ्यांपुढे ठेवावे अशा एक वैद्य बाई आपल्याच लोहमार्गावर होऊन गेलेल्या कार्याच्या धनीण आहेत. त्यांचे नाव डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस. कर्जतहून व खोपोलीहून मुंबईस जाणारी गाडी ज्या शीव स्थानकावरून पुढे जाते, तेथे लोकमान्य टिळकांच्या नावाचे महानगरपालिकेचे मोठे रुग्णालय आहे. लोक त्यास सायन हॉस्पिटल म्हणतात. धारावीची दाट वस्ती त्याच्या शेजारीच आहे. या रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागात डॉक्टर फर्नांडिस यांनी अनेक वर्षे सेवा केली, आणि पुढे त्या तेथील अधिष्ठाताही झाल्या.

त्या काळी अशा विभागांत बालके दगावत, ती केवळ अशक्तपणामुळे नव्हे. एकाचा संसर्ग दुसऱ्यास लागे. बाटलीतून वरचे दूध पाजले जाई, आणि त्या बाटलीबरोबर रोगही पोटात जाई. आईस मात्र दाराबाहेर बसविण्यात येई, कारण ती गरीब, अशिक्षित, अंगावरचे कपडे मळके. डॉक्टर फर्नांडिस यांनी हा क्रमच उलटा केला. बाटली बाहेर काढली आणि आईस आत घेतले. आपल्या लेकराची शुश्रूषा करावयास तिला शिकविले. ज्या स्त्रीस रोगाचे कारण समजत असत, तीच रोगनिवारणाचे साधन ठरली. १९८९ साली त्यांनी त्याच रुग्णालयात मातृदुग्धाची पेढी स्थापन केली. आशिया खंडातील ही पहिलीच मातृदुग्धपेढी होय.

पेढीचा व्यवहार कसा चालतो, हे आपल्या वाचकांनी समजून घेण्याजोगे आहे. ज्या मातेस आपल्या बाळास पुरून उरेल इतके दूध येते, ती आपखुशीने त्यातील काही देते. तिची प्रकृती तपासली जाते. ते दूध साडेबासष्ट अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात, त्याची परीक्षा करतात, आणि गोठवून जपून ठेवतात. मग ज्या बाळाची आई आजारी आहे, ज्याच्या आईस अद्याप दूध आले नाही, किंवा ज्याची आई बाळंतपणातच गेली, त्यास ते थेंबाथेंबाने पाजतात. एका आईने दिलेले दूध दुसऱ्या आईच्या लेकराच्या पोटात जाते, आणि कोणाचे कोणास गेले हे त्या दोघींनाही ठाऊक नसते. जातीपातीच्या पंगती ज्या देशात शतकानुशतके वेगळ्या बसल्या, त्या देशात ही एक पंगत अशी उभी राहिली, की जिच्यात कोणी कोणास कूळ विचारीत नाही.

पुढे १९९९ साली त्यांनी स्नेहा नावाची संस्था स्थापिली. रुग्णालयात पोचणारी बालके पुष्कळदा वाटेतच, किंबहुना जन्मापूर्वीच, निम्मी हरलेली असतात, हे त्यांनी पाहिले होते. आईस गर्भारपणी पोटभर अन्न नाही, विश्रांती नाही, वेळेवर तपासणी नाही. मग शेवटच्या घटकेस मोठ्या डॉक्टरांनी काय करावे? म्हणून त्या रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडून वस्तीत शिरल्या. वैद्याचे काम खाटेपाशी सुरू होत नसून चुलीपाशी सुरू होते, हे त्यांनी ओळखले.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. अशा बालकासाठी श्रम करण्याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. ते आक्षेप हसून टाकण्यासारखे नाहीत. त्यांचा एकेक करून विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की ज्याचे आयुष्य देवानेच थोडे लिहिले, त्यासाठी मनुष्याने धडपड करणे म्हणजे देवाच्या इच्छेस आडवे जाणे होय. आपणां ग्रामीण लोकांत हा विचार फार खोल रुजला आहे, आणि उपासनेस नियमाने येणाऱ्या घरांतूनही तो ऐकू येतो.

याचे उत्तर एका कोंबडीने दिले आहे. फ्रान्स देशाच्या राजधानीत, पॅरिस येथे, स्तेफान तार्निये नावाचे प्रसूतिवैद्य होते. तेथील प्राण्यांच्या उद्यानात अंडी उबविण्याची एक पेटी त्यांच्या पाहण्यात आली. खुडूक कोंबडी जे काम पंखांखाली करते तेच काम ती पेटी करीत होती. तार्निये यांच्या मनात आले, की अंड्यातल्या पिलास ऊब लागते, मग अपुऱ्या दिवसांच्या मनुष्याच्या बाळास का लागू नये? त्यांनी तशी पेटी करवून घेतली आणि १८८० च्या सुमारास प्रसूतिगृहात ठेवली. दोन हजार ग्रॅमहून, म्हणजे दोन किलोहून, कमी वजनाची जी बालके होती, त्यांत पूर्वी शेकडा ६६ मरत. पेटी आल्यावर तो आकडा ३८ वर आला. तेव्हा विचार करा, की ज्या मृत्यूंस लोक पिढ्यान् पिढ्या ईश्वरेच्छा म्हणत आले, त्यांपैकी कितीतरी मृत्यू थंडीने होत होते! कोंबडी ज्या गोष्टीचा कंटाळा करीत नाही, ती गोष्ट मनुष्याने देवाच्या नावावर ढकलून दिली होती.

आपल्या महाराष्ट्रातलाच दुसरा दाखला घ्या. डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग या पतिपत्नींनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात सर्च ही संस्था स्थापन केली. तेथील खेड्यांत मुले का मरतात याचा त्यांनी घरोघर शोध घेतला. एखादे मूल गेले म्हणजे गावकरी म्हणत, "त्याची वेळ भरली." बंग यांनी त्या 'वेळे'ची कारणे वेगवेगळी करून लिहून काढली. मूल अपुऱ्या दिवसांचे, वजन कमी, अंग गार पडलेले, दूध ओढावयास शक्ती नाही, श्वास कोंडलेला, रक्तात विषार भिनलेला. आणि वेळेवर मदत न येणे हे एक कारण तर जवळजवळ सर्वत्र. कारणे मोजता आली, म्हणजे त्यांतील प्रत्येकावर उपायही योजिता येतो. नियतीस उपाय नसतो, गारठ्यास असतो.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की ईश्वरेच्छा हा शब्द प्रयत्नाच्या अखेरीस उच्चारावयाचा आहे, आरंभी नव्हे. सर्व करूनही काही बालके जातील. त्या वेळी त्या आईस दोष देणारा मनुष्य पापी होय. तिच्याजवळ बसून रडणारा तिचा खरा सोबती. परंतु काहीच न करिता ज्याने तो शब्द उच्चारला, त्याने देवाचे नाव घेऊन आपला आळस झाकला असे म्हणावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा, की साधने थोडी आहेत. औषधास पैसा थोडा, दवाखान्यात परिचारिका थोड्या, गाडीस वाट नाही. मग जे मूल जगण्याची आशा थोडी, त्यावर ही साधने खर्च करण्यापेक्षा धडधाकट मुलांवर का करू नयेत? हा आक्षेप घेणारे लोक दगडाच्या काळजाचे नसतात. ज्या परिचारिकेपुढे एक पेटी आणि दोन बालके आहेत, तिला खरोखरच निवड करावी लागते, आणि त्या निवडीबद्दल कोणी तिला दूषण देऊ नये.

तथापि या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही की अशा बालकाची शुश्रूषा नेहमी महागच असते. ते खरे नाही. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तेथे बोगोटा शहरातील एका मोठ्या प्रसूतिगृहात पेट्या अपुऱ्या पडत. एका पेटीत एकाहून अधिक बालके ठेवावी लागत, आणि ती एकमेकांच्या संसर्गाने मरत. १९७८ साली तेथील डॉक्टर एदगार रेय सानाब्रिया यांनी असे ठरविले, की पेटी नाही तर आई आहे. बाळास उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीशी उभे बांधावे, वरून कापड गुंडाळावे, आईचेच दूध द्यावे, आणि रात्रंदिवस तसेच ठेवावे. ऑस्ट्रेलियातील कांगारू नावाचा प्राणी आपले इवलेसे पिलू पोटाच्या पिशवीत वाढवितो, त्यावरून या रीतीस कांगारू मातृसेवा असे नाव पडले. आपल्या कातकरी व ठाकूर भगिनी लेकरू पोटाशी बांधून रानात जातात, त्यांस ही रीत शिकविण्यास मोठे पुस्तक लागणार नाही.

पुष्कळ वर्षे लोकांस वाटे, की ही गरिबांची तडजोड आहे. खरी सेवा ती पेटीचीच. परंतु २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षणाने तो समज दूर केला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया या देशांतील पाच रुग्णालयांत एक किलो ते पावणेदोन किलोंच्या आसपास वजनाची तीन हजारांहून अधिक बालके त्यात घेतली होती. काहींना प्रथम यंत्राजवळ ठेवून, प्रकृती स्थिरावल्यावर आईच्या छातीशी दिले. काहींना जन्मल्यापासूनच दिले. पहिल्या प्रकारात अठ्ठावीस दिवसांच्या आत शंभरांत सुमारे सोळा दगावली. दुसऱ्या प्रकारात बारा. हा लाभ इतका उघड दिसला, की परीक्षण ठरल्यापेक्षा लवकर थांबविण्यात आले, कारण उरलेल्या बालकांस आईपासून दूर ठेवणे आता न्यायाचे राहिले नव्हते.

गडचिरोलीची गोष्टही अशीच आहे. बंग दांपत्याने ३९ गावांत गावच्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांस आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊबदार पिशवीत ठेवणे, दूध पाजविण्यास साहाय्य करणे, इतकेच नव्हे तर रक्तदोष झाल्यास औषधाची सुई टोचणे, हेही त्यांस शिकविले. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई देणे पुष्कळ शहाण्या लोकांस धाडसाचे वाटले. परंतु फळ काय आले? १९९३ ते १९९५ या काळात त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ बालके पहिल्या महिन्यात जात. पुढे तो आकडा २५ च्या घरात आला. हा वृत्तान्त १९९९ साली लॅन्सेट या विलायतेतील वैद्यक नियतकालिकात छापला गेला. २०११ साली भारत सरकारने घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचे हेच काम देशभरच्या आशा सेविकांकडे सोपविले. आज आपल्या गावातील आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहासात वेळा घरी येते, ती याच कार्याची वारस म्हणून येते.

अर्थात आईची छाती व आशाताईची पिशवी यांनी सर्व काही होते असे आम्ही म्हणत नाही. एक किलोच्या आतले, श्वास घेता न येणारे बालक यंत्रावाचून, प्राणवायूवाचून व जाणत्या डॉक्टरांवाचून वाचत नाही, आणि त्यास खर्च लागतो. परंतु मग प्रश्न असा विचारला पाहिजे, की खाट एकच का आहे? ती एकच असावी असे कोणी ठरविले? अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात कोनी आयलंड नावाची जत्रेची जागा आहे. तेथे मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने १९०३ पासून १९४३ पर्यंत अकाली जन्मलेली बालके पेट्यांत ठेवून लोकांस पाहावयास दिली. लोक तिकीट काढून आत जात, आणि त्या पैशावर परिचारिकांचा व दुधाचा खर्च चाले. आईबापांकडून कूनी एक पैसाही घेत नसत. त्यांनी हजारो बालके वाचविली असे सांगतात. लेकरांचे प्रदर्शन मांडणे हे आपणांस खटकते, आणि खटकलेच पाहिजे. परंतु दोष कोणाचा? तमाशा पाहण्यास ज्या समाजाजवळ पैसे होते, आणि तीच बालके रुग्णालयात जगविण्यास नव्हते, त्या समाजाचा तो दोष होय. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात, जत्रेत व निवडणुकीच्या मिरवणुकीत किती पैसा उधळतो, हे मनात आणून आपण 'साधने थोडी आहेत' हा शब्द जपून उच्चारावा.

तिसरा आक्षेप असा, की असे मूल जगले तरी ते दुबळे राहील. घरास भार होईल. यातील वस्तुस्थिती प्रथम सांगतो. योग्य सेवा मिळालेली बहुतेक बालके इतरांसारखीच वाढतात, शाळेत जातात, शेत नांगरतात. काहींच्या दृष्टीस, श्रवणास किंवा बुद्धीस व्यंग राहते, हेही खरे. आणि येथे वैद्यांच्याच इतिहासातील एक दुःखद प्रकरण सांगणे प्राप्त आहे. १९४० नंतरच्या काळात प्रगत देशांतील रुग्णालयांनी या बालकांस नव्या बंद पेट्यांत भरपूर प्राणवायू दिला. हेतू चांगला होता. परंतु अति प्राणवायूने कोवळ्या डोळ्यांची नासाडी होते, हे समजेपर्यंत जगात सुमारे दहा हजार बालके आंधळी झाली. १९५० नंतर काळजीपूर्वक परीक्षणे झाली तेव्हाच कारण कळले, आणि प्राणवायू मोजून देण्याची रीत पडली. यावरून असे दिसते, की केवळ कळवळा पुरेसा नाही. ज्या कळवळ्याजवळ मोजमाप नाही, तो घात करू शकतो. म्हणून दीड किलोच्या बाळास आपण घरी मध चाटवितो, बाळगुटी देतो, न्हाऊ घालतो, शेगडीच्या धुरात ठेवितो, तेव्हा प्रेमाने करितो हे सांगून सुटका होत नाही.

आता भाराविषयी. मनुष्याचे मोल त्याच्या उपयोगावरून ठरवावयाचे, असे एकदा मान्य केले, की तो हिशेब पाळण्यापाशी थांबत नाही. तो पुढे अंथरुणावर पडलेल्या म्हाताऱ्याकडे जातो, पाय गमावलेल्या मजुराकडे जातो, आणि एक दिवस हिशेब मांडणाऱ्याच्याच दारी येतो. शिवाय आपल्याकडे हा हिशेब नेहमी सारखा मांडला जात नाही, हे सांगावयास आम्हांस लाज वाटते. अपुऱ्या दिवसांचा मुलगा झाला तर बैल विकून त्यास पनवेलास किंवा मुंबईस नेणारा बाप, तशीच मुलगी झाली म्हणजे, "बघू, उद्यापर्यंत राहिली तर नेऊ," असे म्हणतो. उद्यापर्यंत ती राहत नाही. त्या घरात कोणी कोणास मारलेले नसते, आणि तरीही एक जीव गेलेला असतो. ज्या विश्वासाची आपण दर आदितवारी ग्वाही देतो, तो विश्वास प्रत्येक जीव निर्माणकर्त्याच्या हातचा मानतो. तो हात वजनकाटा घेऊन बसलेला नाही, आणि मुलगा-मुलगी असा वेगळा लेखही ठेवीत नाही.

याप्रमाणे तिन्ही आक्षेपांचा विचार केला असता असे दिसते, की अशा अर्भकाचे आपणांवर खरोखर ऋण आहे. ते आपल्या दयेची याचना करीत नाही. त्याचा हक्क आहे. दया मनात आली तर करावयाची असते. हक्क मनात नसले तरी फेडावा लागतो.

मग अशा वैद्यांचा सन्मान कसा करावा? हार घालावे, सभा भराव्या, तसबीर लावावी, हे सर्व योग्यच आहे. जिवंतपणीच कोणाचे आभार मानणे ही चांगली चाल आहे. परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. तार्निये यांनी कोंबडीपासून शिकून घेतले. रेय यांनी आईवर भरवसा टाकला. फर्नांडिस बाईंनी दाराबाहेरच्या स्त्रीस आत घेतले. बंग यांनी आपली विद्या गावच्या बाईच्या हाती दिली. या सर्वांनी केलेले मोठेपणाचे काम एकच, ते हे की आपल्या हातातील कौशल्य त्यांनी इतरांच्या हाती जाऊ दिले. अशा मनुष्याचा वारसा तसबिरीत राहत नाही. ज्याने ते कौशल्य घेतले त्याच्याजवळ तो राहतो, आणि कोणीच घेतले नाही तर नष्ट होतो.

म्हणून आपल्या मंडळ्यांनी काय करावे, ते थोडक्यात लिहितो. मुलगी अठरा वर्षांची होण्यापूर्वी तिचे लग्न लावू नये. कोवळ्या आईच्या पोटी अपुऱ्या दिवसांचे मूल अधिक संभवते. गर्भारशीचे नाव पहिल्या तीन महिन्यांत आशाताईकडे नोंदवावे. तिला सर्वांच्या शेवटी उरलेसुरले जेवण देण्याची रीत सासूबाईंनी स्वतः मोडावी. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी, जेथे भट्टी असेल तेथील आशा सेविकेस पोचल्याबरोबर सांगावे. गावची नोंद गावीच राहते आणि बाळंतपण माळावर येते, असे पुष्कळदा होते. बाळंतपण दवाखान्यात व्हावे. गाडीसाठी १०२ व १०८ हे क्रमांक आहेत, आणि सरकारी दवाखान्यात आईची, बाळाची व वाहनाची सोय विनामूल्य करण्याचा नियम २०११ पासून आहे; तो मागून घ्यावा.

मूल लहानसे झाले, तर त्यास कोरडे पुसून, डोक्यास टोपडे घालून, लगेच आईच्या उघड्या छातीशी धरावे. आई थकली असेल तर बापाने धरावे. पुरुषाच्या छातीलाही ऊब असते, आणि त्यात कमीपणा नाही. पहिला चीक टाकून देऊ नये. तो त्या बाळाचे पहिले औषध आहे. दूध ओढता येत नसेल तर आईचे दूध काढून वाटीचमच्याने द्यावे, आणि गुळाचे पाणी, मध, बाळगुटी काही देऊ नये. न्हाऊ घालण्याची घाई करू नये. मूल दूध ओढीनासे झाले, अंगास गार किंवा तापलेले लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा मिनिटात साठ अगर अधिक श्वास घेऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये. निघावे, आणि वाटेतही त्यास छातीशीच बांधून न्यावे.

शेवटी एक विशेष सूचना. आपल्या या डोंगरी मुलखात पुष्कळ वाड्यांस अद्याप गाडीची वाट नाही. २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीस धावलेल्या लोकांस पावसात डोंगर पायी चढून जावे लागले, हे सर्वांस ठाऊक आहे. ज्या वाटेने मदत वर जाऊ शकत नाही, त्याच वाटेने अडलेली बाईही खाली येऊ शकत नाही. तेव्हा ज्येष्ठ महिना लागण्यापूर्वी प्रत्येक मंडळीने आपल्या आसपासच्या वाड्यांत, ती माणसे आपल्या मंडळीतील असोत वा नसोत, कोणकोणत्या स्त्रियांचे दिवस पावसाळ्यात भरणार आहेत याची यादी करावी. दिवस भरण्यापूर्वीच, विशेषतः जिचे आधीचे मूल अपुऱ्या दिवसांचे होते तिला, खाली रस्त्याच्या गावी कोणाच्या तरी घरी आणून ठेवावे. एका खोलीची जागा, दोन वेळची भाकरी, आणि रात्री गाडी बोलाविण्यास जागा राहणारा एक मनुष्य, एवढेच त्यास पुरते. ज्यांच्या घरी अशी खोली देता येईल, त्यांनी आपले नाव आपल्या पाळकांकडे वैशाखातच द्यावे.